दिगंबरमामा गाव दाखवतात

गेल्या महिन्यात नांदेडला आमच्या शाळेतल्या एका मॅडमच्या घरी वास्तुशांतीला गेले होते. पाण्याचा तांब्या हातात आला आणि मी एकटीच हसायला लागले. तांब्याच्या गळ्याशी बारीक अक्षरांत कुणा सुमनबाईंचं नाव होतं आणि त्याखाली, नावापेक्षा कितीतरी मोठं, ठसठशीत कोरलेलं होतं: गंगाखेड.

"नणंदेच्या लग्नात कुणीतरी दिलेला आहे," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही का हसताय?"

"हे अक्षर मी ओळखते," मी म्हटलं.

ते अक्षर दिगंबरमामांचं. गंगाखेडला घाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. घेतलेल्या भांड्यावर नाव टाकून देण्याची मशीन ते स्वतः चालवायचे. गिऱ्हाइकानं फक्त नाव सांगितलेलं असायचं. गाव मामा आपल्या मनानं टाकायचे आणि मोठं टाकायचे. कुणी कुरकुर केली की म्हणायचे, "नाव तुमचं, गाव माझ्याकडून. भांड्याचं काय सांगावं बाप्पा, आज हितं, उद्या पुण्याला. फिरलं तर सांगंल तरी कुठून आलं ते."

आमच्याकडे गोदावरीला गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगा म्हणतात. त्या गंगेचं आणि गंगाखेडचं मामांना जे वेड होतं, ते मी दुसऱ्या कुणात पाहिलेलं नाही. पुढे मी शिकले, नोकरीला लागले, चार गावं पाहिली. गावाचा अभिमान असणारे खूप भेटले. पण परक्या माणसानं आपलं गाव बघितलं नाही तर त्याचं नुकसान होईल, या काळजीनं जेवण न जाणारा माणूस एकच.

दिसायला मामा बुटके आणि गोल. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, उन्हाळ्यात डोक्यावर ओला रुमाल. चालायचे भराभर, आणि पाहुणा बरोबर असला की उलटे चालायचे. म्हणजे तोंड पाहुण्याकडे, पाठ रस्त्याकडे. सांगताना समोरच्याचा चेहरा दिसला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. गावाला हे माहीत होतं. मामा उलटे येताना दिसले की भाजीवाल्या टोपल्या मागे ओढायच्या, हातगाडीवाले बाजूला व्हायचे. घाटरस्त्यावरच्या गाईसुद्धा उठून जागा द्यायच्या.

मी राणीसावरगावची. आई-वडील दिवाळीनंतर ऊसतोडीला कारखान्यावर जायचे, मी आजीजवळ राहून बारावी झाले. कॉलेजला नाव घालायला आणि राहायला खोली बघायला वडील मला घेऊन गंगाखेडला आले, तेव्हा कुणीतरी मामांच्या दुकानाचा पत्ता दिला. त्यांच्या घरामागं एक खोली भाड्यानं द्यायची होती. वडील डोक्यावर माझी ट्रंक घेऊन दुकानासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "खोली बघायची होती."

मामांनी मशीन बंद केली. "कुठून आलात?"

"राणीसावरगाव."

"घाट बघितला?"

"न्हाई. पोरीचं कॉलेजचं काम हाय..."

"कॉलेज काय पळून जायलंय का? ट्रंक ठेवा हितं. चला."

दुकान तसंच उघडं टाकून मामा निघाले. शेजारचा चहावाला नुसता मान हलवून गल्ल्यावर येऊन बसला, त्यावरून हे रोजचंच असावं. माझ्या वडिलांनी गंगा अनेकदा ओलांडली होती, पण प्रत्येक वेळी ट्रकमध्ये, बैलगाड्या नि सामानाच्या मधे बसून, पुलावरून. मामांनी त्यांना घाटाच्या खालच्या पायरीवर बसवलं आणि पाय पाण्यात सोडायला लावले.

"कसं वाटायलंय?"

"गार हाय," वडील म्हणाले आणि हसले.

माझ्या वडिलांना हाताला काही काम नसताना बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पलीकडं वाळूचं पात्र, त्यात हिरवे टरबुजांचे वेल, लांबवर रेल्वेचा पूल, पुलावरून जाणारी गाडी. मामा उभे राहून एकेकाची ओळख करून देत होते. "ती परळीची गाडी," असं ते अशा आवाजात म्हणाले की जणू त्यांच्या भाचीला नवरा मुलगा सांगून आला होता. खोली आम्ही संध्याकाळी बघितली. वडिलांनी आत जाऊन एकदा छताकडं बघितलं आणि "बरी हाय" म्हणाले. खरा निर्णय घाटावरच झाला होता.

मी बी. ए.ला इतिहास घेतला. त्यामुळे मामांचा आणि माझा रोज संध्याकाळी वाद व्हायचा. मामांचा इतिहास ऐकायला फार गोड होता, पण तो दर वेळी वेगळा असायचा. त्यांची आवडती गोष्ट निजामाच्या काळातल्या एका तहसीलदाराची. नवीकोरी शेरवानी घालून तो रुबाबात घाट उतरायला लागला, आणि एका पायरीवरून जो घसरला तो थेट गंगेत. गावातल्या धोबिणीनं त्याला लुगडं टाकून बाहेर काढलं. ही गोष्ट सांगताना मामा ती पायरी बोटानं दाखवायचे. कधी ती वरून चौथी असायची, कधी पिंपळाजवळची, कधी पार पाण्याखालची.

"मामा, परवा तर तुम्ही ती वरची म्हणाला होता."

"मंग?"

"पायरी एकच असंल ना?"

"पोरी, इतिहास हाय का गणित हाय, की दर बारी एकच उत्तर यावं? पाहुणं म्हातारं असलं तर त्याला खालपर्यंत कशाला उतरवू? त्याच्यासाठी वरचीच घसरायची."

अजूनही वर्गात शिकवताना मुलं कंटाळलेली दिसली की मला ती सरकणारी पायरी आठवते.

पावसाळ्यात वर धरणाचं पाणी सोडलं की गंगा फुगायची आणि सगळं गाव पाणी बघायला लोटायचं. ही आमच्या गावाची जत्राच. लोक लेकराबाळांना घेऊन, छत्र्या घेऊन, कागदात भजी बांधून यायचे. घाटाच्या तोंडाशी मामा हात पसरून उभे. म्हाताऱ्यांना पुढं, लेकरांना खांद्यावर, तरण्या पोरांना मागं. "रेटू नका, पाणी कुठं जायलं न्हाई, सगळ्यांना दिसंल!" परतणाऱ्याला अडवून ते विचारायचे, "कसं वाटलं यंदाचं पाणी?" लग्नात यजमान जिलबीबद्दल विचारतो त्या स्वरात. लोकही समजूतदार. "लय भारी झालं मामा, मागच्यापरीस चांगलं," असं म्हणून पुढं जायचे.

या सगळ्यात हाल व्हायचे ते मामींचे. सुशीलामामी कमी बोलायच्या, पण बोलल्या की घरातल्या भांड्यांचाही आवाज थांबायचा. त्यांचं एकच म्हणणं होतं. जगाला गाव दाखवा, पण पोरगी बघायला आलेल्यांना आधी पोरगी दाखवा.

मामांची एकुलती एक मुलगी अर्चना. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, बी. एस्सी. झालेली, एका खासगी शाळेत शिकवायची. तिला बघायला पहिलं स्थळ आलं ते पाथरीचं. मामांनी त्यांना स्टँडवरून उचललं ते सरळ मंदिरात, तिथून घाटावर, तिथून होडीत. घरी आणलं तेव्हा मुलाच्या मावशीची चप्पल गंगेला मिळालेली होती आणि मुलाला ऊन लागलं होतं. तो बैठकीत डोळे मिटून पडून राहिला. अर्चना पोहे घेऊन आली आणि गेली, त्याला काही कळलं नाही. दुसरं स्थळ परळीचं. त्यांच्यातल्या आजोबांना मामांची गोष्ट एवढी आवडली की ते घाटावरून उठेचनात. शेवटी मुलाकडच्यांनी आजोबांना समजावून गाडीत घातलं आणि तसेच परत गेले. पोरगी बघायची राहूनच गेली.

तिसरं स्थळ चुडाव्याचं. मुलगा संतोष, रेल्वेत टेक्निशियन, नोकरी पूर्णेला. मध्यस्थानं फोन नंबर दिले होते, आणि दोघं दोनदा फोनवर बोललीही होती. त्या रात्री अर्चना माझ्या खोलीत येऊन बसली.

"सुनीता, तो हसतो ना, तेव्हा आधी थोडं थांबतो. विचार करून हसतो."

"मग?"

"मग काय मग! मला आवडलाय. ह्या वेळी बाबांना आवर. ह्या वेळी जर मुलाकडचे घाटावरून परत गेले ना, तर मी होडीत बसून चुडाव्याला जाईन."

होडीत बसून चुडाव्याला जाता येत नाही, हे तिलाही माहीत होतं. पण तिचे डोळे भरले होते. मी मामींना सांगितलं, मामींनी मामांना समोर बसवलं.

"स्टेशन ते घर. सरळ."

"हाव."

"मधी काही दाखवायचं न्हाई."

"रस्त्यात आपोआप दिसलं तर?"

"डोळे झाकायला सांगा त्यांना. माझ्या गळ्याची आण घ्या."

मामांनी आण घेतली. एवढ्यावर मामींचं समाधान होईना. ज्यांच्या रिक्षातून पाहुणे आणायचे त्या गफूरभाईंना त्यांनी बजावलं की मामा काही म्हणोत, रिक्षा घाटाकडे वळवायची नाही. गफूरभाई म्हणाले, "भाभी, हैंडल लॉक समझो."

पुढचं मी काही डोळ्यांनी पाहिलं आणि काही गफूरभाईंकडून ऐकलं. ते ही हकिकत इतक्या लोकांना सांगत आले आहेत की आता गावात ती सगळ्यांना तोंडपाठ आहे.

सकाळची गाडी आली. फोटोत संतोषनं काळा चष्मा लावलेला होता, मामांजवळ ओळखायची खूण तेवढीच. आणि गाडीतून उतरली एक मंडळी: एक म्हातारे गृहस्थ, काळा चष्मा लावलेला एक तरुण, दोन बायका. त्यातल्या एकीनं लाल फडक्यात बांधलेलं काहीतरी दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं. मामा पुढं झाले.

"तुमीच का न्यायला आलेलं?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"हाव, मीच. या, या! प्रवासात तरास झाला का?"

"तरास कसला. आधी गंगंवर चला."

गफूरभाई सांगतात की मामा जागच्या जागी थिजले. त्यांनी पाहुण्यांकडं बघितलं, वर आभाळाकडं बघितलं, आणि मग गफूरभाईंकडं वळले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"ऐकलं का गफूर? पाहुणेच म्हणायलेत!"

"मगर मामू, भाभीने..."

"आण मी दाखवायची न्हाई अशी घेतलीय. त्यांनी मागायचं न्हाई असं कुठं ठरलंय?"

हँडल लॉक उघडलं.

ती मंडळी सेलूकडच्या एका खेड्यातली होती. म्हाताऱ्यांची आई वारली होती, तिच्या अस्थी गंगेत सोडायला ते आले होते. घाटावरच्या गुरुजींनी फोनवर सांगितलं होतं की स्टेशनवर आमचा माणूस येईल. आणि मामा तर हात जोडून पुढं आलेले. चुडाव्याची खरी मंडळी मागच्या डब्यातून उतरून नळावर पाणी पीत होती.

घरी इकडं मामांचा फोन चार्जिंगला लावलेला तसाच राहिला होता. तो वाजला, मामींनी घेतला. "आमी स्टेशनवर उभं आहोत, कुणी आलं न्हाई," पलीकडून आवाज आला. मामींनी फोन ठेवला आणि एकच शब्द उच्चारला, "गेले." घरात दुसरं कुणी पुरुषमाणूस नव्हतं. मामी पोह्यांपुढून उठू शकत नव्हत्या. अर्चनानं साडीचा पदर खोचला, स्कूटीची किल्ली घेतली आणि मला म्हणाली, "बस मागं."

"अगं, तू कशी जाणार? तुला बघायला आलेत ते!"

"मग बघतील."

स्टेशनवर पोचलो तर तिथं भांडण चाललेलं. गुरुजींचा खरा माणूस उशिरा आला होता आणि नळाजवळची मंडळी बघून त्यानं संतोषच्या मामांना नम्रपणे विचारलं होतं, "अस्थी कुणाकडं आहेत?" संतोषचे मामा, मानकरी माणूस, डोक्याला फेटा, मिशांना पीळ. ते लालबुंद झाले होते. "आमी पोरगी बघायला आलाव! अस्थी काय विचारायला रे? काय गाव म्हणायचं का काय!"

अर्चना पुढं झाली. तिनं पदर सारखा केला, सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "मी अर्चना. बाबा कुठंतरी चुकलेत. चला, घरी जाऊ."

संतोष आधी थोडा थांबला आणि मग हसला. मी ते पाहिलं. तिनंही पाहिलं.

दोन रिक्षा केल्या. बाजारात एका भाजीवालीनं ओरडून सांगितलं, "अर्चे, तुझा बाप पाहुण्यांना घेऊन घाटावर गेलाय गं!" संतोषचे वडील म्हणाले, "पाहुणे तर आमी आहोत. मंग त्यो कुणाला घेऊन गेला?" आणि रिक्षा घाटाकडे वळल्या.

घाटावर तोपर्यंत मामांनी मंदिर दाखवलं होतं, तहसीलदार पाडला होता, आणि संधी साधून मुलीकडं विषय वळवला होता. "आमची अर्चना हितंच पोहायला शिकली," असं ते काळ्या चष्म्याच्या तरुणाला सांगत होते. गुरुजींचा माणूस एवढं घरचं का सांगतोय, ते त्याला कळत नव्हतं. उन्हात त्या बाई लाल फडकं छातीशी धरून उभ्या होत्या, त्यांना मामा म्हणाले, "बाई, ते ओझं खाली ठेवा की. आणि आमच्यात असं काही आणायची पद्धत न्हाई. उगी कशाला तरास घेतला?"

म्हातारे म्हणाले, "मालक, ओझं कसलं. माय हाय ती माझी. तिलाच तर घेऊन आलाव."

गफूरभाई सांगतात, मामांना बोलता येईना असा तो आयुष्यातला एकमेव प्रसंग. ते पायरीवर बसले. मग त्यांनी विचारलं, "माय कधी आली होती का हितं?"

"न्हाई. नव्वदीला टेकली होती. जन्मभर म्हणायची, गंगा बघायची. कधी पेरणी, कधी खुरपणी, कधी कुणाचं बाळंतपण. राहूनच गेलं."

मामा उठले. सदरा झटकला.

"मंग सोडायची घाई कामून करायलात? आधी तिला बघू द्या की नीट."

आम्ही घाटाच्या वरच्या पायरीवर पोचलो ते नेमके त्या वेळी. खाली मामा उलटे चालत होते, पायऱ्यांवरून, एक एक पायरी मागं. त्यांच्या समोर त्या बाई दोन्ही हातांत मडकं घेऊन येत होत्या, फडकं सोडलेलं, आणि मामा मडक्याशी बोलत होते.

"माय, हे बघा, हा रेल्वेचा पूल. तुमी आलात ना, ह्याच्यावरूनच आलात. आता हिकडं बघा. बाई, जरा हिकडं वळवा मायला, ऊन डोळ्यांवर यायलंय. ते टरबुजाचे वेल. उन्हाळ्यात सगळी गंगा हिरवी होती माय. गोड असतेत, साखरंसारखी."

काळ्या चष्म्याच्या तरुणानं चष्मा काढून डोळे पुसले. म्हातारे हसत होते आणि रडत होते, दोन्ही एकदमच. दुसरी बाई, मायची धाकटी सून, म्हणाली, "अहो, त्यांना त्या तहसीलदाराचं सांगा पुन्हा. सासूबाईंना असल्या गोष्टी लय आवडायच्या." आणि मामांनी मडक्याला तहसीलदाराची गोष्ट सांगितली. त्या दिवशी धोबिणीनं लुगडं टाकल्यावर वर शिव्याही दिल्या. त्या शिव्या मी पहिल्यांदाच ऐकल्या.

संतोषच्या मामांनी कपाळावर हात मारला. "हे कुणाला सांगायलेत?"

"मडक्याला," अर्चना म्हणाली. "ते माझे बाबा."

मग व्हायचं तेच झालं. अस्थी गंगेत सोडल्या, मामांनी गुडघाभर पाण्यात उभं राहून म्हाताऱ्यांचा हात धरला. सुतक असल्यानं ती मंडळी मामांच्या घरी यायला तयार होईना, घाटावरच चहा घेऊन, मामांना पुन्हा पुन्हा नमस्कार करून गेली. आणि मामा वर चढून आले तेव्हा समोर अर्चना, आणि तिच्यामागं खरे पाहुणे. मामांनी सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. ओल्या पायजम्यातून पाणी ठिबकत होतं.

"चूक झाली," ते म्हणाले. "माझी झाली. पोरीची काही न्हाई."

फेटेवाले मामा गरजले, "चूक? अहो, पोरगी बघायला आलाव आणि पहिलं दर्शन अस्थींचं! ह्यापरीस मोठा अपशकुन असतो का? चला दाजी, परत चला. असल्या वेंधळ्या घरात आपल्याला पोरगा द्यायचा न्हाई."

"गाडी तर संध्याकाळी हाय," संतोषचे वडील हळूच म्हणाले.

"मंग स्टेशनवर बसू!"

अर्चना खाली मान घालून अंगठ्यानं पायरी उकरत होती. मी तिचा हात धरला. संतोष वडिलांकडं बघत होता, वडील जमिनीकडं.

तेवढ्यात संतोषच्या आई पुढं आल्या. कमलबाई. स्टेशनपासून त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं, डोक्यावरचा पदर सावरत सगळ्यांच्या मागून चालत होत्या. त्या घाटाकडं बघत होत्या, मडकं सोडलं होतं त्या जागेकडं.

"मला बघायचंय," त्या म्हणाल्या.

"काय बघायचंय?" फेटेवाल्या भावानं विचारलं.

"गंगा. पूल. ते धोबिणीचं ठिकाण. मी चुडाव्यात दिल्यापासून शेत बघितलं आणि चूल बघितली. हितं दोन तासांच्या गाडीवर एवढं हाय, मला कुणी सांगितलं न्हाई." मग त्या भावाकडं वळल्या. "दादा, मेल्यावर मडक्यातून बघण्यापरीस आत्ताच बघते की. तुमी बसा स्टेशनवर. चला हो मामा, दाखवा."

दिगंबरमामांनी अर्चनाकडं बघितलं. मामींची आण अजून गळ्याशी होतीच. अर्चनानं डोळे पुसले आणि म्हणाली, "बाबा, दाखवा. आईचं मी बघते."

त्या दिवशी मामांनी जे गाव दाखवलं तसं पुन्हा कधी दाखवलं नसेल. कमलबाईंनी मंदिरात घंटा इतक्यांदा वाजवली की पुजारी बाहेर आला. होडीत बसल्या, हात पाण्यात सोडून लेकरासारख्या खिदळल्या. संतोषच्या वडिलांनी गंगेचं पाणी न्यायला मामांच्या दुकानातून कळशी घेतली, आणि त्यावर नाव टाकताना मामांनी गाव न विचारताच टाकलं. चुडाव्याची कळशी, वर गंगाखेड! त्यांच्या लक्षात आलं तेव्हा कमलबाई म्हणाल्या, "राहू द्या, सोयऱ्यांचंच गाव हाय." हे वाक्य ऐकून मामांच्या हातातली मशीन घसरली. त्या कळशीवर आजही गंगाखेडच्या 'ड'ला एक लांब शेपूट आहे.

संतोष आणि अर्चना सगळ्यांच्या मागं, बरंच अंतर ठेवून चालत होती. काय बोलत होती मला माहीत नाही. मी मुद्दाम पुढं राहिले.

फेटेवाले मामा स्टेशनवर गेले नाहीत. आमच्यामागून दहा पावलांवर, तोंड फिरवून, रागानं चालत राहिले. दुपार कलली, सगळे घराकडं वळलो, तेव्हा ते जवळ आले आणि मिशीला हात लावत दिगंबरमामांना म्हणाले, "ते असू द्या सगळं. त्या तहसीलदाराचं पुढं काय झालं?"

"बदली करून घेतली," मामांनी तिथल्या तिथं सांगितलं. "कोरड्या गावाला."

घरी पोहे लाकडासारखे झाले होते. मामी दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याचा ओला पायजमा बघितला आणि तोंड उघडलं, तेवढ्यात कमलबाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले. "विहीणबाई, लय भूक लागलीय. काय असंल ते वाढा." मामींचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. ते पोहे त्या दिवशी परातीत एकही उरले नाहीत. सर्वांत जास्त फेटेवाल्यांनी खाल्ले.

लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. सेलूचे ते म्हातारे गृहस्थ सुतक फिटल्यावर आवर्जून आले होते, लेकीसुनांसह.

मग मीही गाव सोडलं. बी. एड. केलं, नांदेडला शाळेत लागले. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. माझ्या शिक्षणाला ज्यांचे हात लागले त्यांची नावं मी मनात नेहमी घेते, त्यात आई-वडील आहेत, माझे प्राध्यापक आहेत. पण डोळ्यासमोरची गोष्ट बघायची असते, आणि बघितलेलं दुसऱ्याला सांगायचं असतं, हे मला कॉलेजच्या आधी त्या भांड्यांच्या दुकानात कळलं.

अर्चना फोन करायची, तिच्याकडून हालहवाल कळायची. मामा तिच्याकडं पहिल्यांदा राहायला गेले तेव्हा चुडाव्यात उदास झाले म्हणे. "नदी न्हाई, घाट न्हाई, काय बघायचं माणसानं?" म्हणून ओसरीवर बसून राहिले. कमलबाईंनी त्यांना उठवलं. "तुमी मला दाखवलं, आता मी तुमाला दाखवते," म्हणून त्यांना सगळा चुडावा हिंडवून आणला. स्टेशन, फाटक, मारुतीचा पार, कुणाची नवी विहीर. मामा गप्पपणे चालले. तिसऱ्या दिवशी ते एकटेच फिरायला बाहेर पडले.

त्याच मुक्कामात मी परभणीहून पॅसेंजरनं नांदेडला चालले होते. चुडाव्याला गाडी थांबली. खिडकीतून बघते तर प्लॅटफॉर्मवर मामा! पांढरा सदरा, डोक्यावर ओला रुमाल. गाडीतून उतरलेल्या एका जोडप्याला अडवून हात हलवून हलवून काहीतरी सांगत होते. नवऱ्याच्या हातात दोन पिशव्या, बायकोच्या कडेवर लेकरू, आणि तिघंही मामांच्या बोटाकडं बघत होते.

"मामा!" मी ओरडले.

ते वळले. मला ओळखायला त्यांना क्षणभर लागला, आणि मग ते खिडकीशी धावत आले. कशी आहेस, नोकरी कशी आहे, असलं काही त्यांनी विचारलं नाही. गाडीनं शिट्टी दिली होती, वेळ नव्हता.

"तिकडून बघ!" ते पलीकडच्या खिडकीकडं बोट करून ओरडले. "हिकडून न्हाई दिसायचं! पलीकडून! पळ, पळ!"

गाडी हलली. मी सीटवर पर्स टाकली, "सरका, सरका" म्हणत लोकांच्या पायांवरून उड्या मारत पलीकडच्या खिडकीशी गेले, एका आजोबांच्या खांद्यावरून वाकून बाहेर डोकं काढलं. बाहेर हरभऱ्याचं शेत होतं. कडेला एक बाभळीचं झाड, त्याच्याखाली एक गाय, आणि बांधावरून एक बाई डोक्यावर न्याहारी घेऊन चालली होती.

"काय आहे?" आजोबांनी मला विचारलं.

मी त्यांना थोडी जागा करून दिली. म्हटलं, "बघा ना."